गाडी कोण चालवत होतं

रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर बसून कुणी फोनवर बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. घर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे, कार्ला फाटा मागे टाकून लोणावळ्याकडे निघालं की डाव्या हाताला. माझं माहेर भाजे गावचं, लेण्यांच्या पायथ्याचं. सुट्टीच्या दिवशीची गर्दी मला नवी नव्हती, पण तिकडे माणसं येतात, लेणी चढतात, कणीस खाऊन परत जातात. सासरी आल्यावर मी गाड्यांची गर्दी पाहिली. जमिनीला चिकटलेल्या, लाल-पिवळ्या, आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या वाटणाऱ्या गाड्या. पुण्याच्या बाजूने आधी एक गुरगुर यायची, ती वाढत वाढत घरातली भांडी थरथरवायची आणि आपण मान वळवेपर्यंत गाडी वळणाआड गेलेली असायची. सासूबाई त्यांना ‘चपट्या’ म्हणायच्या. ‘आल्या चपट्या’ म्हणाल्या की आम्ही अंगणातल्या लेकरांना आत घ्यायचो.

त्या रविवारी मी घरीच होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे कपड्यांचा सगळा ढीग रविवारवर येतो. उघडीप होती. अंगणात दोरीवर चादरी टाकताना मला समोर माझा धाकटा दीर दिसला. लोणावळ्यातल्या हॉटेलांना दूध घालून तो रिकामे कॅन घेऊन मोटारसायकलवर परतत होता. घराकडे वळायचं तर दुभाजकाच्या फटीत थांबून अलीकडचा रस्ता ओलांडावा लागतो. तो तिथे पाय टेकवून थांबला होता. माझ्याकडे बघून त्याने चहाची खूण केली.

गुरगुर ऐकू आली. एक पांढरी चपटी सुसाट गेली. तिच्या मागे रस्ता मोकळा दिसला, म्हणून त्याने गाडी पुढे घेतली. दुसरी तिच्याशी शर्यत लावून वळणावरून येत होती, हे त्याला दिसलं नाही. मला दिसलं. मी ओरडले, पण त्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

नारिंगी गाडी होती. धडक झाल्यावर आधी कॅन उडाले. मग ती गाडी स्वतःभोवती फिरली आणि आमच्या कुंपणाच्या दगडी भिंतीत तोंड खुपसून थांबली. माझ्यापासून पाच-सहा हातांवर. आतल्या पांढऱ्या पिशव्या फुगल्या होत्या. उजवीकडचं दार उघडलं आणि एक तरुण बाहेर आला. पंचविशीच्या आतबाहेरचा, कपाळावरून रक्त. आत दुसरं कुणी नव्हतं. हे मी आजवर इतक्यांदा सांगितलंय की आता ते वाक्य पाठ झाल्यासारखं तोंडातून येतं. पण तेव्हा मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. मी रस्त्याकडे धावले.

दीर रस्त्याच्या कडेला पडला होता. डोक्यात हेल्मेट होतं. डावा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. डोळे मिटलेले. मी नाकाशी हात धरला, तर श्वास लागत होता. तोवर हे आतून आले, शेजारचे आले. यांनी घरची पिकअप काढली, गादी टाकली, आणि चौघांनी मिळून त्याला वर घेतलं. सासूबाई पिकअपच्या फळीला धरून उभ्या होत्या.

“मी येते.”

“आई, तू तितं काय करणार? हितं थांब. मी फोन करतो,” हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तू आत्याला सोडू नकोस.” सासूबाईंना मी आत्या म्हणते; आई म्हणायचं सोडून हेही माझ्यासारखं ‘आत्या’ म्हणून गेले, इतके ते भांबावले होते.

पिकअप तळेगावच्या दवाखान्याकडे निघून गेली आणि मग सगळ्यांचं लक्ष त्या तरुणाकडे गेलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला होता. आजूबाजूची माणसं जमत होती. पंधरा-वीस झाली, मग मोजता येईना. सगळ्यांत पुढे दिराचा लहानपणापासूनचा मित्र होता. दोघं एकाच तालमीत वाढलेले. त्याने त्या तरुणाला कॉलरला धरून उभं केलं आणि एक ठेवून दिली. मग त्यानेच कुंपणाचा निखळलेला दगड उचलला. मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते वाईटही वाटत नव्हतं.

सासूबाई गर्दीत शिरल्या. अंगाने त्या एवढ्याशा, पण लोक बाजूला झाले, कारण जखमी झालेल्याची ती आई. सगळ्यांना वाटलं, पहिला हात तिचा. त्यांनी त्या तरुणाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आमच्या दारातून आत ढकललं.

“पोरी, आत जा आन कडी लाव,” त्या मला म्हणाल्या. आणि स्वतः बाहेर उंबऱ्यावर बसल्या.

मी कडी लावली. आत तो आणि मी. बाहेर गलका वाढत गेला. मित्राचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

“मावशी, उठा तितनं! त्यानं आपल्या पोराला उडवलाय!”

“मला म्हाईत हाय कुणाला उडवलाय. मीच जन्म दिलाय त्याला.”

“मग त्याला बाहेर द्या!”

“पोलिसाच्या हातात देनार. जित्ता देनार. तुमी ह्याला मारलात तर उद्या तुमी आत जाल आन ह्यो मेला म्हनून सुटंल. माझ्या पोराचं कोन बघनार मग?”

दारावर एक दगड आपटला. तो तरुण दचकून माझ्या मागे आला. मी त्याला पलंगावर बसायला सांगितलं. कपाळावरची जखम वाहत होती, ती पुसायला मी ओलं फडकं घेतलं. का घेतलं, सांगता येत नाही. शाळेत मुलं पडतात, त्यामुळे हाताला सवय असावी. मान पुसताना शर्टाची कॉलर बाजूला झाली आणि उजव्या खांद्यापासून खाली छातीवर गेलेला एक रुंद लालभडक पट्टा दिसला. सोलवटल्यासारखा.

“ताई, ते काका ठीक आहेत ना?” त्याने विचारलं. पुण्याकडचा होता. बोलणं आमच्या शाळेतल्या सरांसारखं, स्वच्छ. “मला ते दिसलेच नाहीत. खरंच दिसले नाहीत. मी ब्रेक दाबला होता.”

“तो तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल,” मी म्हणाले.

तो रडायला लागला. तोंड ओंजळीत धरून, लहान मुलासारखा. “माझी चूक आहे,” म्हणाला. दोनदा म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. माझा फोन मी मुठीत धरून ठेवला होता. तळेगावहून अजून काही कळत नव्हतं. प्रत्येक वेळी बाहेरचा आवाज जरा उतरला की मला वाटायचं, बाहेर कुणालातरी बातमी कळली आणि म्हणून ते गप्प झाले.

मग त्याचा फोन वाजला. “पप्पा,” म्हणून तो बोलायला लागला आणि घडलेलं सांगता सांगता थांबला. पलीकडून कुणीतरी सावकाश, न थांबता बोलत होतं. शब्द मला कळत नव्हते. तो “हो” म्हणत होता. “हो... हो पप्पा.” फोन ठेवला तेव्हा रडणं थांबलं होतं. मी विचारलं, “काय म्हणाले?” त्याने उत्तर दिलं नाही. पाणी हवं का विचारलं, तरी नाही. समोर बसलेला माणूस तोच, पण कुणीतरी आतून कडी लावून घेतल्यासारखा.

पोलिस आले तेव्हा सासूबाई उठल्या आणि मी दार उघडलं. अधिकारी आत पाऊल टाकतात तोच गर्दीतून वाट काढत एक माणूस पुढे आला. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात जोडलेले.

“साहेब, गाडी मी चालवत होतो. मी यांचा ड्रायव्हर. लोक मारतील म्हणून घाबरून मागच्या शेतात पळालो होतो. दादा बाजूच्या सीटवर होते.”

मित्र त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. मी त्या तरुणाकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

“व्हय रं,” सासूबाई त्या माणसाला म्हणाल्या, “खाचरातनं पळालास ना? मग चिखल कुटं हाय तुझ्या बुटाला?”

आमच्या मागे सगळी भातशेती. त्या दिवसांत घोट्यापर्यंत पाणी. त्याने बुटांकडे पाहिलं आणि पाय मागे घेतले.

“मावशी, तुम्ही मध्ये बोलू नका,” अधिकारी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “धडक झाली तेव्हा इथे कोण होतं?”

“मी,” मी म्हणाले. “उजव्या दारातून हा उतरला. आत दुसरं कुणी नव्हतं.”

“ताई, गडबडीत चूक होते माणसाची,” अधिकारी म्हणाले.

“त्याचा खांदा बघा.”

“काय?”

“पट्ट्याचा वळ उजव्या खांद्यावर आहे. डावीकडे बसला असता तर डाव्या खांद्यावर उठला असता.”

अधिकाऱ्यांनी त्याला शर्टाची बटणं काढायला लावली. तो तशीच मान खाली घालून उभा राहिला. वळ आता जांभळट दिसायला लागला होता. पांढऱ्या शर्टातल्या माणसाने अजून हात जोडलेलेच होते, पण ते आता छातीशी नव्हते, पोटाशी आले होते. मित्राने तेवढ्यात हातातला दगड, जो अजून त्याच्या हातात होता हे त्यालाच ठाऊक नसावं, भिंतीवर नेऊन ठेवला.

दोघांनाही जीपमध्ये बसवून नेलं. त्यानंतर फोन आला. दीर शुद्धीवर आला होता. पायाचं ऑपरेशन करावं लागणार होतं, पण जिवाला धोका नाही. सासूबाईंनी ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तर हाताने लांब राहा म्हणाल्या.

पुढचे महिने वाईट गेले. घरी माणसं यायची. गोड बोलणारी, आमच्याच ओळखीची. ‘पोराचं आयुष्य आहे’, ‘तुम्ही शिकलेल्या आहात’, ‘नीट आठवून बघा’. एकदा तर शाळेच्या फाटकाशी एक गाडी येऊन थांबली आणि आतला माणूस काच खाली करून नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मी मुलांना शेवटचा तास खेळायला सोडलं नाही, वर्गातच बसवलं. रात्री झोप लागायची नाही. यांनी एकदा विचारलं, “तुला भीती वाटत असंल तर सांग. मी काय म्हननार न्हाई.” मी म्हणाले, “वाटते.” पण जबाब बदलला नाही. पांढऱ्या शर्टातल्या माणसाने मात्र आपला बदलला. आपण त्या वेळी मालकांच्या लोणावळ्यातल्या बंगल्यावर होतो, असं त्याने शेवटी सांगितलं. त्यानंतर तो नोकरीवर राहिला नाही, एवढंच कळलं.

दिराचा पाय वाचला, पण आखूड झाला. पहिल्यांदा काठी घेऊन अंगणात आला तेव्हा त्याने भिंतीचा पडलेला भाग पाहिला आणि मग आईला विचारलं.

“तू त्याला घरात घेतलंस म्हनं.”

“घेतलं.”

“मला कळलं तवा लय राग आलता तुझा.”

“येऊ दे की. मलाबी त्याचा लय आलता,” सासूबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. “म्हनून तर बाहेर उंबऱ्यावर बसले. तिला आत पाठवली. मी आत गेले असते तर वरवंटाच घेतला असता हातात.”

दीर त्यांच्या शेजारी बसून ताटातले खडे वेचायला लागला.

माझी साक्ष झाली त्या दिवशी तोही आमच्याबरोबर कोर्टात आला होता. समोरच्या वकिलांनी मला तासभर उभं ठेवलं. चष्म्याचा नंबर विचारला, चादरी किती होत्या, त्या वाऱ्याने हलत होत्या का, ते विचारलं. शेवटी म्हणाले, “तुमच्या दिराला ज्याने उडवलं, त्याचंच रक्त तुम्ही पुसलंत, हे कोर्टाने खरं मानायचं?” मी म्हणाले, “पुसलं म्हणूनच वळ दिसला.” बाहेर आले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

व्हरांड्यात बाकावर दीर बसला होता. तो तरुण लांब खांबापाशी उभा होता. आता दाढी वाढवलेली, वजन उतरलेलं. तो दोनदा आमच्या दिशेने निघाला आणि थांबला. तिसऱ्यांदा आला. दिराच्या समोर उभा राहिला. काठीकडे बघत अगदी हळू म्हणाला, “मी होतो.”

दिराने मान वर केली.

“मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “आत जाऊन सांग.”

तो तरुण तसाच उभा राहिला. ओठ हलले. तेवढ्यात वकिलांनी लांबून हाक मारली, त्याच्या वडिलांनी येऊन कोपराला धरलं, आणि तो वळला. त्याने आत जाऊन अजून सांगितलेलं नाही. खटला चालू आहे, दिवाळीनंतरची तारीख पडली आहे. दीर म्हणतो, “या खेपेलाबी मी येनार. मला बघितल्याशिवाय त्या पोराला बोलता यायचं न्हाई.”