पंपाला लागणारं पाणी

दादा यवतमाळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि उरलेल्या वेळात काचेवर इतका पातळ थर चढवायचा, की तो चढला आहे हे चटकन दिसतही नसे. मॉलिब्डेनम नावाच्या धातूच्या ऑक्साइडचा थर. पांढरी भुकटी होडीसारख्या वाटीत ठेवायची, वर काचेची हंडी पालथी घालायची, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि वाटी तापवायची. भुकटीची वाफ होऊन वर टांगलेल्या काचपट्ट्यांवर बसे. पट्टी खिडकीशी तिरपी धरली की डबक्यात सांडलेल्या रॉकेलसारखे रंग दिसत.

आमचे वडील कचेरीत कारकून होते, पण घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. म्हणून मी सरळ विचारलं, "याचा लोकांना उपयोग काय?"

"माहीत नाही," दादा म्हणाला. "थंड काचेवर कण कसेही पडतात. काच तापवून ठेवली की तेच कण अभ्रकासारखे पापुद्र्यावर पापुद्रा रचून बसतात. उन्हात थर निळा पडतो, आणि निळा पडला की त्यातून वीज जास्त जाते. असं का, ते मला पाहायचंय."

पीएच.डी.साठी त्याला थंड काचेपासून खूप तापवलेल्या काचेपर्यंत सगळी मालिका हवी होती. शेवटच्या, सर्वांत तापलेल्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या. जून उलटला की नागपूर विद्यापीठातली नोंदणी रद्द होणार होती, आणि मे अर्धा सरला होता.

अडचण पाण्याची होती. पंपात तेल उकळायचं आणि पंपाचं अंग सतत गार ठेवावं लागायचं. त्यासाठी आवारातल्या नळाला रबरी नळी लावून पाणी पंपाभोवतीच्या तांब्याच्या नळीतून फिरवलं जाई आणि भिंतीबाहेर नालीत सोडलं जाई. कॉलेजशेजारच्या आमच्या मोहल्ल्यात तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं, तेही आलं तर. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांच्या बंगल्यांतली हिरवळ मात्र ओली असायची. मी त्यावर पत्रक लिहून घरोघर वाटलं होतं: आधी पिण्याला, मग बागेला.

त्या सकाळी बायका घागरी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आल्या. मी त्यांच्यासोबतच होते.

"सर, इथं नालीत पाणी वाहून राह्यलं अन् आमी कोरड्या घागरी घेऊन फिरून राह्यलो," पुढची बाई म्हणाली. ती आमच्याच गल्लीतली, दोन म्हशी पाळणारी.

दादाने हंडीकडे पाहिलं. आत वाटी लाल झाली होती, थर बसायला नुकती सुरुवात झाली होती. "बाहेर पडतंय ते पाणी स्वच्छ आहे, मावशी. फक्त कोमट आहे. त्याखाली घागरी लावा."

तिने धारेत बोटं धरली. "मशीनच्या पोटातून आलं हे. प्याचं कसं?"

दादा पेलाभर घटाघटा प्याला.

"तुमाले काय, सर, तुमचं लगन झालं," मागून दुसरी म्हणाली. "माह्या पोरीचं व्हाचं हाय!"

सगळ्या हसल्या. दादाही हसला. म्हशींसाठी एक-दोन घागरी भरल्या गेल्या, पण धार करंगळीएवढी आणि रांग फाटकापर्यंत. प्यायचं पाणी नळाचंच हवं होतं, नळ एकच होता आणि त्यावर दादाची नळी.

"तासभर थांबता?"

बायका घागरी घेऊन नळाकडे सरकल्या. दादाने माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

"पत्रकात लिहिलंय ते," मी म्हणाले. दुसरं काही म्हणता येत नव्हतं, आजही म्हणता येणार नाही.

त्याने वाटीची वीज बंद केली, पंपाचा हीटर बंद केला. "तेल निवायला अर्धा तास. तोवर नळीला हात लावू नका," एवढंच म्हणाला. पण मागच्या बायकांपर्यंत ते पोचलं नाही, किंवा पोचूनही त्यांच्या पोरांची तहान अर्धा तास थांबणारी नव्हती. कुणीतरी नळी ओढून काढली आणि नळ धो धो सुटला. तापलेल्या पंपातलं तेल वाफ होऊन हंडीत चढलं. पट्ट्या तपकिरी, तेलकट झाल्या.

संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याच्या घागरी भरल्या. दुसऱ्या दिवशी संस्थेचा हुकूम आला: प्रयोगशाळेला नळ मिळणार नाही, बाहेरच्यांना फाटकातून प्रवेश नाही. एका फटक्यात दोघांचंही पाणी तोडलं. बंगल्यांच्या बागांबद्दल अवाक्षर नव्हतं. मी त्यावर दुसरं पत्रक लिहिलं, जास्त जहाल. ते वाचून कुठलाही नळ उघडला नाही.

"पावसाळ्यात कर," मी दादाला म्हणाले.

"विद्यापीठाला पावसाळा कळत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जूनअखेर नोंदणी गेली. नागपुरात एक नवा विद्यार्थी हाच विषय घेणार होता. दादाने आपल्या सगळ्या चांगल्या पट्ट्या त्याच्याकडे पाठवायचं ठरवलं. आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेक पट्टी सरकी काढलेल्या कापसात गुंडाळत होतो. काही पारदर्शक होत्या, काही निळ्या.

"निदान तुझं नाव तरी घाल," मी म्हणाले.

प्रत्येक पट्टीच्या चिठ्ठीवर त्याने काच किती तापवली होती ते लिहिलं, थर किती जाड ते लिहिलं, उन्हात किती वेळ ठेवली ते लिहिलं. मग खोका बंद केला आणि माझ्याकडे सुतळी मागितली.