सुलक्षणाचा परत आलेला डबा

मरोळच्या दोन खोल्यांत सकाळी कणिक मळायला घेतली, की सुलक्षणा परब जपानी बोलू लागे. पिठाशी बोले, परातीशी बोले, खिडकीत येऊन बसणाऱ्या कबुतराशी तर अगदी आदराने बोले. हात कामात गुंतले की जीभ मोकळी होई. परात धुऊन पालथी घातली आणि पदराला हात पुसून ती खुर्चीत बसली, की वैशाखातल्या वहाळासारखं तिचं बोलणं आटून जाई.

हे वेड तिला सीप्झ उद्योगवसाहतीतल्या एका कारखान्यात लागलं. एकोणीस वर्षं ती तिथे बारीक सुटे भाग जुळवत होती. समोरच्या यंत्रावर जपानी अक्षरांची एक पट्टी चिकटवलेली होती. बाकीच्यांना ती दिसतही नसे. सुलक्षणाला मात्र ती अक्षरं उंबऱ्याबाहेरच्या रांगोळीसारखी वाटत, आणि जेवणाच्या सुट्टीत हाताशी येईल त्या कागदावर ती गिरवत बसे. कारखाना दुसरीकडे हलला, तोवर मुलगी श्वेता नोकरीला लागली होती. सुलक्षणाने बारावीवर थांबलेलं शिक्षण घरी बसून पुरं केलं, आणि एकावन्नाव्या वर्षी विद्यापीठात जपानी भाषा, साहित्य आणि संस्कृतीच्या पदविकेला नाव घातलं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा नव्या बाई आल्या समजून सगळी पोरं उठून उभी राहिली.

लिहिण्यात तिचा हात कोणी धरला नसता. हजार वर्षांपूर्वी तिथल्या राजवाड्यातल्या बायकांनी लिहून ठेवलेलं वाचताना तिला कणकवलीच्या पडवीत बसलेल्या आत्या-काकूंचं बोलणं ऐकू येई. तीन ओळींच्या कविता तिने मालवणीत उतरवल्या आणि सगळा वर्ग खुळावला. लेखी परीक्षेत ती दुसरी आली. तोंडी परीक्षेत मात्र दहा मिनिटं जपानीत बोलायचं होतं. तिथे ती स्वतःचं नाव सांगून थांबली, ती थांबलीच. आता नोव्हेंबरात आणखी एकच संधी होती. ती गेली की पदविकाही गेली.

नवरा सहदेव एका सोसायटीतले पंप आणि पाण्याच्या टाक्या सांभाळी. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी रोज संध्याकाळी तो तिची वही उलटी धरून मास्तरासारखा समोर बसे. ती गप्प झाली की म्हणे, “अगो, गाराणा घालताना माजा तोंड कधी थांबता? तसा बोल.”

“तुमचा गाराणा देवाक आयकूचाच लागता. थंय मार्क देणारे बसतत,” ती म्हणे.

श्वेताचं बोलणं मुंबईचं, तोडून टाकणारं. “आई, हात रिकामे राहिले की तुझी वाट लागते. परीक्षेला परात घेऊन जा ना.” श्वेता आणि सहदेव हसले. सुलक्षणाही हसली, पण ते बोलणं तिच्या मनात रुतून बसलं.

त्यात डब्याची काळजी होती. जपानहून वर्षभरासाठी शिकवायला आलेल्या एक साठीच्या बाई होत्या, हिगाशियामा सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरुजी आणि बाई, दोन्ही. गणपतीत सुलक्षणाने त्यांना नारळाच्या वड्या दिल्या होत्या, त्याही घरातल्या सगळ्यात चांगल्या डब्यातून. तो स्टीलचा डबा तिच्या लग्नात वडिलांनी, धोंडू राण्यांनी दिलेला. गिरणीतून सुटल्यावर लालबागच्या दुकानात उभं राहून त्यांनी त्यावर अक्षरं कोरून घेतली होती: ‘सुलक्षणास, बाबांकडून.’ वड्या दिल्याला दोन महिने झाले, डबा काही परत आला नाही. दिलेला डबा मागायचा कसा? आणि तो अडकून राहिला म्हणजे काहीतरी बिनसलं, असंच आपल्याकडे समजतात. वड्या आवडल्या नसतील, की वर्गात गप्प बसते म्हणून बाई रागावल्या असतील? सुलक्षणा मनातल्या मनात झुरत राहिली.

परीक्षेच्या खोलीत टेबलापलीकडे सेन्सेई होत्या आणि विभागातले शौनक सर होते. विषय सोपा होता, आपल्या घरची एखादी रीत सांगायची. सुलक्षणाने जपानी चहाच्या समारंभावर दोन पानं पाठ केली होती, ती इथे कामाची नव्हती. तिने नाव सांगितलं. हात मांडीवर ठेवले. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी बाक सरकवत होतं. एक मिनिट गेलं, मग दुसरं. शौनक सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

तेव्हा सेन्सेई वाकल्या आणि त्यांनी पिशवीतून निळ्या कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. गाठ सोडली. आत तिचा डबा होता. त्या झाकण उघडू लागल्या. झाकण गच्च बसलेलं. त्यांनी नखं लावली, ओढलं, पुन्हा ओढलं. डबा हलेना, बाई लाल झाल्या.

“द्या इकडे,” सुलक्षणा म्हणाली. “ओढायचं नाही. ओढलं की ते जास्त धरून बसतं. डबा फिरवत राहायचं आणि तळव्याने कडेला असं खालून ठोकायचं. एकदा इथे, एकदा तिथे.”

टक्कन झाकण सुटलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की हे सगळं आपण जपानीत बोललो.

डब्यात खडीसाखरेहून बारीक, काटेरी, गुलाबी-पांढरे दाणे होते. सेन्सेई सावकाश सांगू लागल्या, की त्यांच्या आजीच्या गावी आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून बहिणीला हे पाठवायला सांगितलं होतं आणि पार्सलाला दोन महिने लागले. उशिराबद्दल त्यांनी मान लववून क्षमा मागितली.

सुलक्षणाने एक दाणा बोटांत धरला आणि फिरवून पाहिला. “हा तर आमचा हलवा,” ती म्हणाली. डबा तिच्या हातांत फिरत होता आणि बोलणं चाललं होतं. आमच्याकडेही भांडं रिकामं धाडत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. माझी आई मंद आचेवर तीळ घेऊन पाकाचा एकेक थेंब सोडायची, बोटं भाजायची, पण काटा यायला ती वाट पाहायची. संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून त्याच दाण्यांचे दागिने घालतात. हा डबा माझ्या बाबांनी दिला, त्यांचे हात नेहमी कापसाने भरलेले असायचे. क्रियापदं दोनदा चुकली, एकदा शब्दच सापडेना तेव्हा तिने टेबलावर बोटाने हलवा वळून दाखवला. सेन्सेई डोळे मिटून ऐकत होत्या.

शौनक सर हळूच म्हणाले, “परब बाई, तेरा मिनिटं झाली.”

सेन्सेईंनी डबा मुद्दाम काढला की सहज, हे सुलक्षणाला आजही माहीत नाही. तिने विचारलंही नाही.

दुपारी यादी लागली. तिने आपल्या नावावर बोट ठेवलं आणि पुढे पाहिलं: उत्तीर्ण. शेतावरून आणलेला भारा कोणीतरी हात देऊन डोक्यावरून उतरवावा, आणि मान अजून ताठच राहावी, तसं तिला झालं. ती आवारातल्या कट्ट्यावर बसली, पाण्याची बाटली पुरती रिकामी केली आणि पोटभर श्वास घेतला. किती महिन्यांनी.

संध्याकाळी सहदेव दारातच उभा होता. निकाल विचारायचा धीर त्याला होईना. तिच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहून तो एवढंच म्हणाला, “डबो गावलो?”

“गावलो,” ती म्हणाली. “आणि पास झालंय.”

तिने त्याच्या तळहातावर एक गुलाबी दाणा ठेवला. त्याने तो जिभेवर ठेवला आणि चावला नाही, नुसता विरघळू दिला. सुलक्षणाने डबा फळीवर जागेवर लावला, निळं कापड धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. मग नारळ फोडून ती खवायला बसली. कापड सोमवारी परत करायचं होतं आणि ते रिकामं जाऊन चालणार नव्हतं. खवता खवता ती नारळाशी जपानीत बोलू लागली.