भिंतीवरचा दादा

माझा दादा मुंबईत दोन वर्षांपूर्वी वारला. इथं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मात्र तो रोज सकाळी पोह्यांत शेंगदाणे कमी पडले म्हणून माझ्याशी भांडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींत माझा हात आहे, म्हणून मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल.

आमचे वडील भरवेलीच्या खाणीत कामाला होते. तिथल्या कॉलनीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि मंडईत नाटक व्हायचं. दादा त्यात कधी राजा तर कधी दारुडा व्हायचा. लोक टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्यांनी माणसाचं डोकं फिरतंच. विसाव्या वर्षी तो मुंबईला गेला. तिथं हिंदी बोलला की लोक म्हणत, मराठी आहेस वाटतं. मराठी बोलला की म्हणत, एमपीचा आहेस का? पंधरा वर्षं तो पडद्यावर होता, पण दाखवायचा झाला तर बोट ठेवून दाखवावा लागे. कोर्टाच्या शेवटच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, दंगलीत पळणाऱ्यांत. तोंडातून एक शब्द नाही. मालाडच्या एका खोलीत तो आणि त्याच्यासारखाच दुसरा एक मुका नट राहायचे. त्या माणसाला मी खोलीवाला म्हणते. आमच्या घरच्या एका लग्नालाही तो येऊन गेला होता, चांगला माणूस.

मग एका नव्या दिग्दर्शकाला हिरॉईनच्या मेलेल्या बापाचा फोटो हवा होता. दहा मिनिटांत दादाला पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं, फोटो काढला, त्याला चंदनाचा हार घातला आणि सेटवरच्या भिंतीला टांगला. पिक्चर चालला. दिग्दर्शकाच्या मनानं घेतलं की या फोटोनंच चालला. सिनेमावाले शकुन म्हणून कुठं नारळ फोडतात, कुठं नावात अक्षर वाढवतात. ह्यानं माझा भाऊ धरला. पुढच्या प्रत्येक पिक्चरच्या भिंतीवर दादा. कधी बाप, कधी नवरा, एकदा तर शाळेचा संस्थापक. आणि जो भिंतीवर आहे तो खाली चालता-बोलता कसा दाखवणार? दादा काम मागायला गेला की दिग्दर्शक खांद्यावर हात ठेवून म्हणे, पुढच्या वेळी नक्की. दिग्दर्शक मोठा झाला, त्याची गाडी बदलली, घर बदललं. भिंतीवरचा फोटो तोच राहिला.

पहिला पिक्चर बालाघाटात लागला तेव्हा आमची अख्खी गल्ली पाहायला गेली. माय नवं लुगडं नेसून पुढं बसली. पडद्यावर दादा आला, गळ्यात हार, समोर दिवा, आणि हिरॉईन त्याला पाहून रडतेय. गल्लीतली पोरं शिट्ट्या मारायला लागली. माय मात्र ताडकन उठली.

"जित्या पोराले हार घातला त्या मेल्यांनी!" असं सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं ओरडली आणि घरी आली. दादाला तिनं फोनवर एकच सांगितलं. "बोलशीन तवा सांगजो. तवर मी तुहा पिक्चर पाहत नाही." त्यानंतर तिनं खरंच एकही पाहिला नाही. माझी माय बोलली की बोलली.

दादा साठीला आला, मायची पंचाऐंशी उलटली आणि तिचा एक डोळा गेला. दुसऱ्यातही मोतीबिंदू होता. दर वेळी घरी आला की दादा तिच्या डोळ्यांकडे पाहत बसायचा. मला कळत होतं, त्याला हिरो-बिरो काही व्हायचं राहिलं नव्हतं. मायचा एक डोळा शाबूत आहे तोवर एकदा पडद्यावर बोलायचं, एवढंच उरलं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी मंडईच्या सुमारास तो आला तो दाढी वाढवून. खिशात घडी घातलेला कागद होता. दिग्दर्शकानं अखेर शब्द पाळला होता. मुलीला सासरी पाठवणारा बाप, पाच वाक्यं, तोंड कॅमेऱ्याकडे. सहाव्या दिवशी शूटिंग. दादा आल्यापासून अंगणात तीच पाच वाक्यं म्हणत होता. कोंबड्यांना म्हणून दाखवायचा, नळाला म्हणून दाखवायचा. माझं डोकं उठलं होतं. माय खाटेवर बसून ऐकायची आणि तांदूळ निवडत राहायची, पण तिनं मला दोनदा विचारलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन किती दिवसांत होतं.

आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो असाच वाक्यं म्हणत उभा असताना त्याच्या डोक्यावर कावळा बसला. क्षणभरच बसला, उडाला. पण मायनं एका डोळ्यानं नेमकं तेच पाहिलं.

डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडं धरतात. त्यावर उपायही आहे. त्याच्या मरणाची खोटी बातमी नात्यात धाडायची. तिकडं रक्ताच्या कोणाच्या तरी डोळ्यातून खरं पाणी आलं की मरण तिथल्या तिथं टळतं. मग खरं सांगायचं. रडणारा माणूस आधी शिव्या घालतो, मग सुतकाची आंघोळ करतो आणि दोन्ही घरं हसतात. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मला हे ऐकूनच कपाळावर हात मारावासा वाटतो.

"परसवाड्याच्या मावशीले फोन लाव," माय म्हणाली. "अन् रड."

"मले नाही रडता येत. नट तो हाये."

"मी लावू काय?" दादा म्हणाला.

"मेलेलं मानूस फोन करते काय बयताडा?" माय त्याच्यावर खेकसली. त्याचं मनगट मात्र तिनं धरून ठेवलं होतं. ते पाहून मी वाद घातला नाही. पण फोनवर मावशीपुढं खोटं रडायचं माझ्यानं झालं नसतं. मी सोपा रस्ता काढला. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, दादा गेला. फोटो कुठला टाकू म्हटलं, तर दादानंच स्वतःच्या फोनमधून शोधून दिला. हारवाला. "यात हार बी हाये," तो म्हणाला आणि आम्ही दोघं खदखदून हसलो. साठीच्या घरातली दोन माणसं, एकालाही अक्कल नव्हती.

अर्ध्या तासात बावीस जणांनी हात जोडले. लगेच मी लिहून टाकलं की खोटं आहे, कावळा बसला होता, काळजी करू नका. मावशीला वाचता येत नाही. तिच्या सुनेनं तिला दोन्ही बातम्या एकदमच सांगितल्या, तेव्हा मावशी रडलीच नाही, हसली.

"कोनी रडलं काय?" मायनं विचारलं.

"बावीस जनांनी हात जोडले."

"मी हात नाही इच्यारून राह्यली तुले. पानी इच्यारून राह्यली."

मी म्हटलं, आता ह्या फोनमधून पाणी कुठून काढू? ती तोंड फिरवून बसली. तिच्या लेखी काम झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिरसाकडच्या जंगलातल्या एका गावात माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी दादाला स्कूटर चालवायला नेलं आणि मायला शेजारणीकडं सोपवलं. आम्ही दोन रात्री राहिलो. त्या जंगलात फोनला रेंज नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हालाही होतं, पण त्यात काही बिघडेल असं वाटलं नाही.

परत येऊन अंगणात स्कूटर लावली आणि दादाचा फोन थरथरायला लागला. तो खिशातून काढून टेबलावर ठेवला तरी थांबेना. एकामागून एक मेसेज, सगळे मुंबईचे, सगळे श्रद्धांजलीचे. आमच्या नागपूरच्या चुलत भावानं माझी पहिली बातमी पाहताच तो फोटो स्टेटसला ठेवला होता. दुसरी बातमी त्यानं वाचलीच नव्हती. आमच्या घरच्या त्या जुन्या लग्नात ओळख झाली तेव्हापासून खोलीवाल्याचा नंबर त्याच्याकडं होता. खोलीवाल्यानं स्टेटस पाहिलं, दादाला वीस वेळा फोन लावला, लागला नाही, आणि तो रडत सेटवर गेला.

हे आम्ही वाचत होतो तेवढ्यात फोन वाजला. दिग्दर्शकाचा होता. दादानं घाईघाईत उचलला आणि स्पीकर लागला. माय खाटेवर सूप घेऊन बसली होती. मी दारात.

दादानं तोंड उघडलं, पण पलीकडून आधीच बोलणं सुरू झालं होतं. घरचं कोणी आहे का, असं विचारून तो माणूस थांबलाच नाही. शूटिंग दोन दिवस अलीकडे आलं होतं. निरोप द्यायला दादाला फोन करत होते आणि कळली ती ही बातमी. जागा एकाच दिवसासाठी मिळाली होती, थांबता आलं नाही. "उन्हीं के कमरे वाले को खड़ा किया," तो म्हणाला. "रो रहा था बेचारा, बोला मैं नहीं करूँगा। फिर एक टेक में कर दिया। बीस साल में पहली बार उसकी आवाज़ सुनी मैंने।"

दादाचं तोंड अजून उघडंच होतं. मी हातानं खुणा करत होते, सांग ना, सांग ना बाप्पा की जिवंत आहे. एक वाक्य पुरलं असतं. त्याला पुन्हा उभं केलं असतं आणि खोलीवाल्याला पिक्चरमधून कापलं असतं. हे माझ्या दोन मिनिटं उशिरा लक्षात आलं. त्याच्या लगेच आलं होतं.

त्यानं तोंड मिटलं, घसा खाकरला, आणि बोलला तो आवाज त्याचा नव्हताच. आमच्या वडिलांचा होता. जड, तंबाखू दाढेत धरल्यासारखा.

"जी, मैं उनका छोटा भाई बोल रहा हूँ।"

मायचं सूप थांबलं.

दहा मिनिटं तो स्वतःचा भाऊ होता. कसे गेले विचारलं, तर म्हणाला सकाळी अंगणात उभे होते, पाठांतर करत होते. त्रास झाला का, तर म्हणाला नाही साहब, एकदम हलके गये. दिग्दर्शक म्हणाला, मी माझ्या नशिबापायी त्याला भिंतीवर लटकवून ठेवला, मला माफ करा. याही पिक्चरमध्ये फोटो लावला तर चालेल का? दादा म्हणाला, "लगाइए साहब। उनको आदत थी।" मला हसू आलं आणि त्याच वेळी त्या दिग्दर्शकाचा गळा दाबावासा वाटला. खरं तर गळा माझाच दाबायला हवा होता. बातमी मीच टाकली होती.

मग त्या माणसानं विचारलं, "जाते वक्त कुछ बोले थे?"

वडिलांचा आवाज पकडायला दादानं पुन्हा घसा खाकरला, पण या वेळी तो आवाज आलाच नाही. त्याच्या स्वतःच्याच आवाजात, बारीक, तो म्हणाला, "बोले... इस बार डायलॉग है।"

आणि तो रडला. अंगणात उभा राहून, फोन छातीशी धरून, नाक गळेपर्यंत रडला. पलीकडं तो मोठा माणूसही रडत होता, मग त्यानं फोन ठेवला. मला रडता येत नाही असं मी तीन दिवसांपूर्वी म्हटलं होतं. ते खोटं निघालं.

माय सूप बाजूला ठेवून उठली. भिंतीला धरत धरत दादाजवळ गेली आणि आपला चांगला डोळा त्याच्या तोंडाशी नेऊन त्याचे गाल बोटांनी चाचपले.

"खोटं रडला का खरं?"

"सुरुवातीले खोटं होतं, माय."

तिनं ओलं बोट लुगड्याला पुसलं. "मंग झालं. रक्ताचं मानूस हाये अन् पानी खरं हाये. टळलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पाहत काय राह्यली? त्याच्या आंघोळीचं पानी ठेव."

मी आत वळले तेव्हा दादा मागून विचारत होता, नाटक संपल्यावर विंगेत विचारायचा तसाच, लहान तोंड करून. "माय, बोललो मी. पाह्यलं काय?"

"हौ," माय म्हणाली. "पाह्यलं."