अंजनाच्या नंबरांची खोकी

माधवनगरच्या चार खोल्यांत दोन भावांचे संसार होते. थोरला उदयसिंह मिलिटरीतून निवृत्त होऊन आला तो अकरा काळ्या ट्रंका घेऊन. त्याची बायको राजेश्वरी हिला काही टाकवत नसे. रिकामे डबे, तीन मिक्सर, आहेरातले डिनर सेट, सगळं पलंगाखाली, दाराआड, जिन्यात. धाकट्या नाथाजीच्या बायकोच्या, अंजनाच्या वाट्याला एक कपाट आणि माळ्यावरची एक लाकडी पेटी.

पेटीत तिच्या वडलांचे धोटे होते, मागावर आडवा धागा नेणारे, लाकडी. इथल्याच गिरणीत त्यांनी एकतीस वर्षं माग चालवला. गिरणी बंद पडली तेव्हा हाताखालचे सात धोटे तेवढे त्यांनी घरी आणले. आता वडील नव्हते.

आईच्या आजारपणात अंजना महिनाभर माहेरी राहून आली, तर पेटी नाही.

"वाळवी लागल्याली गं," राजेश्वरी म्हणाली. "दिली टाकून. घरात पाय ठेवाय जागा न्हाई, कुठवर सांबाळायचं?"

दुसऱ्या दिवशी बंबाची राख काढताना अंजनाच्या बोटाला लोखंडी टोक टोचलं. धोट्याच्या दोन्ही अंगांना असतं तसलं. तिनं राख चाळली. चौदाच्या चौदा टोकं निघाली. ती धुऊन तिनं रुमालात बांधली आणि चहा ठेवायला गेली.

कुपवाडला पंपाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात अंजना स्टोअर सांभाळायची. कुठला वॉशर कुठल्या कप्प्यात, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. आठ दिवसांनी ती जावेला म्हणाली, "अक्का, मी काढू का घरात जागा? कंपनीत त्येच तर करते."

राजेश्वरी खूश झाली. पुढचे सात रविवार अंजनानं अंग मोडून काम केलं. बोळकंडीवर फळ्या ठोकून घेतल्या, पलंग विटांवर चढवले, जिन्याखाली कप्पे केले. जावेची एकूण एक वस्तू सारख्या खोक्यांत गेली. खोक्यांवर नुसते नंबर, एक ते चौसष्ट. कशात काय, हे फक्त अंजनाच्या डोक्यात. घर इतकं मोकळं झालं की शेजारणी बघायला आल्या.

मग सुरू झालं.

"अंजना, पुरणयंत्र कुठं हाय?"

"एकेचाळीसमदी."

"आनि एकेचाळीस?"

"लय मागं हाय, अक्का. कामावरनं आल्यावर देते."

एकदा राजेश्वरीनं स्वतःच सहा खोकी उतरवली. सहाही चुकीची निघाली आणि कंबर धरली. स्वतःच्या चमच्यासाठी तिला धाकट्या जावेची वाट बघावी लागे. अंजनाला ते गोड लागायचं. पण तेवढ्यानं तिचं समाधान होत नव्हतं.

एका रविवारी राजेश्वरीच्या मुलीला बघायला विट्याचे पाहुणे यायचे होते. दुपारचे म्हणाले होते. अकरालाच फोन आला, तासगाव ओलांडलं. राजेश्वरी स्वयंपाकघरात धावत आली.

"चांगले कप, चांदीच्या वाट्या, पोरीची पैठणी. पटकन काढ."

अंजना कांदा चिरत राहिली. "काढते. आदी पेटीचं काय झालं त्ये सांगा. भायेर जाऊन, दोगा भावांच्या म्होरं."

"सांगितलंय की, वाळवी..."

अंजनानं रुमाल सोडला. टोकं ओट्यावर पसरली.

राजेश्वरीचं तोंड उतरलं. "आता ही वेळ हाय व्हय?"

"मला घाई न्हाई, अक्का."

राजेश्वरी बाहेर गेली. खाली बघत म्हणाली, "अंजनाच्या वडलांची पेटी मी बंबात घातली. धोट्यांसकट. वाळवीचं खोटं सांगितलं." नाथाजी खुर्चीतून उठला. उदयसिंह बायकोकडं बघत राहिला, मग हात जोडून अंजनाला म्हणाला, "अंजना, आमचं चुकलं."

अंजनानं तिन्ही खोकी दोन मिनिटांत काढून दिली. पाहुणे जेवले, मुलगी पसंत पडली. राजेश्वरी मात्र दिवसभर वाढताना तिची नजर चुकवत होती.

अंजनाला वाटलं होतं, आता मन निवेल. निवलं नाही. राख झालेलं राखच होतं. कुठल्या नंबरात काय, हे तिनं पुढंही सांगितलं नाही.

शेवटी उदयसिंहनं वर दोन खोल्या चढवल्या आणि बिऱ्हाड हलवलं. जाताना राजेश्वरी दारात थांबली. "कशात काय हाय, एवढं तरी सांग."

"उघडून बघा," अंजना म्हणाली.

पंधरा दिवस वर खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. अंजना कामावरून येऊन त्याखाली निवांत झोप काढायची.