शैलाकाकूंचा वाढता प्रभाग

शैलाकाकू कधी बेल वाजवत नसत. जिन्यातूनच मला हाक येई, "इंग्लिश मीडियम, चप्पल घाल." नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतून नगरसेविका व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्याकडे स्कूटी नव्हती. माझ्याकडे होती, आणि मला नाही म्हणता येत नसे.

पक्षाचं तिकीट मिळणार नाही हे त्या जाणून होत्या. त्यांची सगळी भिस्त हळदीकुंकवावर. सरकारने कायदा बदलून एका प्रभागाला एकच नगरसेवक ठेवला, तेव्हा आसपासच्या गल्ल्या म्हणजेच त्यांचा प्रभाग झाला. त्या संक्रांतीला घरोघर आमंत्रणं द्यायला मी गाडीवर. अनोळखी दारासमोर मला घाम फुटायचा. "तू नुसती हस," त्या म्हणायच्या. "बोलायचं मी बघते."

निवडणूक झालीच नाही. कायदा पुन्हा बदलला, एका प्रभागात तीन नगरसेवक झाले. मग चार. दर वेळी हद्द वाढली, नव्या बायका आल्या, नवी वाणं आली, पेट्रोल मात्र माझंच.

"आमदारांना काय, हात वर केला की झालं," काकू म्हणायच्या. "मला दर वेळी नव्या सासरी नांदायला जावं लागतं."

"एवढ्या मोठ्या प्रभागात अपक्ष कोण निवडून येतं, काकू?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मग तू उभी राहा. रिक्षावाल्याशी बोलताना तुझा आवाज फुटत नाही."

अखेर निवडणूक झाली आणि काकू पडल्या. पलीकडच्या गल्लीतल्या सुनंदाताई दरवर्षी हळदीकुंकवाला यायच्या. त्यांनी भेटून सांगून टाकलं, "चार बटणं दाबायची होती ना, मग एकाच पक्षाचं चिन्ह दाबत गेले. सोपं पडतं."

मी नोकरीसाठी पुण्याला निघणार, त्याच आठवड्यात या सुनंदाताई नळाच्या गढूळ पाण्याची बाटली घेऊन काकूंच्या दारात.

"चार-चार निवडून दिलेत ना? त्यांना दाखवा," काकू म्हणाल्या.

"चौघांकडे जाऊन आले. जो तो म्हणतो, तो भाग माझ्याकडे नाही."

काकूंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि पदर खोचला. गाडीपाशी माझा संयम सुटला. "काकू, या बाईने तुम्हाला मत दिलेलं नाही."

"माहितीये," काकू स्कूटीवर मागे बसत म्हणाल्या. "आता पाच वर्षं तिला माझंच तोंड बघू दे."