अरबीची सूट

कॉलेजात एक परकीय भाषा शिकणं सक्तीचं होतं. ती आधीच येत असेल, तर एक परीक्षा दिली की सुटका व्हायची. मला अरबी येत होती. दुबईजवळच्या अजमानच्या शाळेत पहिलीपासून होती, आणि शेजारच्या सीरियन मुलींशी भांडून ती पक्की झाली होती. बाबांनी परस्पर ठरवून टाकलं: परीक्षा द्यायची, तास वाचवायचे, लवकर डिग्री घेऊन त्यांच्या ऑफिसात बसायचं.

बाबांची प्लंबिंगची कंत्राटं असायची. इतकी वर्षं तिथे राहूनही त्यांची अरबी ‘यल्ला’ आणि ‘खलास’च्या पुढे गेली नव्हती. म्हणून मी सातवीत असल्यापासून ते मला युनिफॉर्मवरच बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत न्यायचे. काउंटरवरचा माणूस त्यांना झापायचा आणि ते झापणं मी मराठीत करून सांगायचं. परत येताना गाडीत बाबा माझ्यावर चिडायचे. मी नीट बोलले नाही, म्हणून काम अडलं. एकदा तिथल्या साहेबाने त्यांना गाढव म्हटलं. मी तेवढं गाळलं. नेमका तो शब्द बाबांना ठाऊक होता. घरी येऊन त्यांनी आईसमोर मला खोटारडी ठरवलं.

मी परीक्षेला नाव दिलं नाही. फ्रेंच घेतलं, अगदी मुळाक्षरांपासून. कॉलेजातल्या सल्लागार बाई इजिप्तच्या होत्या. माझ्याशी चार वाक्यं अरबीत बोलून त्यांनी खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, की मी स्वतःचा आणि त्यांचाही वेळ फुकट घालवतेय. मी सही करून बाहेर पडले.

बाबांना माझं टाइमटेबल बघून कळलं. शारजाच्या कॉलेजात ते मला रोज गाडीने सोडत. दुसऱ्या दिवशी निम्म्या वाटेत त्यांनी विषय काढला.

“परीक्षा का नाही दिलीस?”

मी इंग्रजीत म्हटलं, द्यायची नव्हती.

“मराठीत बोल.”

“तुमच्या ऑफिसात मी बसणार नाही.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. वाटलं, आता हात उचलतात. त्यांनी नुसतं उतर म्हटलं. मी उतरले. ऑगस्ट संपला होता, ऊन संपलं नव्हतं. टॅक्सी मिळून वर्गात पोचले तेव्हा तास संपत आला होता.

त्यानंतर मी कॉलेजच्या बसने जाऊ लागले. आईचं म्हणणं, त्यांचा तेवढा मान राखला असता तर काय बिघडलं असतं. मी तिच्याशीही बोलणं कमी केलं. बाबांनी एक जॉर्डनचा कारकून ठेवला. त्याच्यामुळे कामं भराभर व्हायला लागली, आणि बाबांचा माझ्यावरचा राग उलट वाढला. पाहुण्यांसमोर माझ्याकडे न बघता म्हणायचे, “आमच्या घरात आहे एक अरबी येणारं. ते फ्रेंच शिकतंय.”

फ्रेंच मला कधीच जमलं नाही. जेमतेम पास झाले, डिग्री सगळ्यांबरोबरच मिळाली. पुढे दुबईत एका शिपिंग कंपनीत नोकरी लागली, ती अरबीमुळेच. दिवसभर फोनवर अरबीतच बोलायचे. बाबांना ते आईकडून कळलं. जेवताना म्हणाले, “परक्यांसाठी बरं बोलता येतं.”

मी हो म्हटलं आणि ताट उचलून आत गेले.