आत्याचं तुटलेलं माहेर

आक्का माझी सासू, पण त्याच्या आधी सख्खी आत्या. माहेरचं तिला भारी वेड. भावाची थोरली पोर, म्हणजे मी, मोना, तिनं आपल्या थोरल्या पोराला, सम्राटला करून कोडोलीला आणली. धाकट्या राजवीरसाठी माझी बहीण तेजस्वी पाळण्यात असतानाच मागून ठेवली. "माझं माहेरच उचलून आणलंय की!" असं गावभर सांगत सुटायची.

मला दोन पोरं झाली, दोन्ही गेली. ताप, खोकला, तोंडात फोड. औषधानं जरा उतरायचं, की परत उलटायचं. एकानंही वर्ष बघितलं नाही. बायका मलाच नावं ठेवत होत्या मेल्या! आत्या एकेकीच्या दारात जाऊन भांडून आली.

माझ्या दुसऱ्या बाळाच्या वेळी कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी, अशी पोरं जाणाऱ्या घराण्यांवर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांसाठी, आम्हा सगळ्यांचं रक्त मागितलं. "माझ्या माहेरात खोट काढताय व्हय?" आत्या दवाखान्यातच कडाडली. पण पोरगं गेलं, तेव्हा रक्त द्यायला पहिला हात तिनंच पुढं केला.

बाईंनी नीट समजावलं. रोगाशी झुंजायची ताकदच आमच्या बाळांच्या अंगात नव्हती. अर्धी खोट सम्राटात, अर्धी माझ्यात, दोन्ही एकाच घराण्यातल्या. आम्हाला त्याचा त्रास नाही, पण दोन्ही एका बाळात आल्या की संपलं. आणि राजवीर-तेजस्वीच्या रक्तातही तीच निघाली. "लग्न करू नका, असं मी म्हणत नाही. चारात एका बाळाला धोका. पोटात असतानाच तपासता येतं," बाई म्हणाल्या.

सुपारी फुटली होती. दोघांचा एकमेकांवर जीव होता. तरी आत्या मला घेऊन वडगावला माझ्या माहेरी गेली आणि लग्न मोडते म्हणाली.

"चारातली तीन चांगली हायत की!" आबा, माझे वडील, ओरडले.

"चौथं मी दोनदा मांडीवर घेतलंय, आकाराम."

तेजस्वीनं तिचे पाय धरले. "पोरच नको आम्हाला, आत्या. लग्न तेवढं हू दे."

"आज म्हणशील गं," आत्या म्हणाली आणि पाय सोडवून घेतले. मला तिचा असा राग आला!

"सुपारी फुटलेली पोरगी नाकारलीस. परत ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा न्हाय," आबांनी सांगितलं. ते माझंही माहेर होतं, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

राजवीर पुण्याला गेला, तो सणालासुद्धा येत नाही. तेजस्वीला कागलला, नात्याबाहेर दिली. दर भाऊबीजेला आत्या ताट लावून बसते, आबा येत नाहीत. आई तेवढी मला चोरून फोन करते.

परवा तिनं सांगितलं, तेजस्वीच्या पोराला ताप आणि खोकला आहे. आत्यानं दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, बाळ खेळतंय.

"कुठल्या दवाखान्यात न्हेलतं?" आत्यानं माझ्या हातातला फोन घेऊन आईला विचारलं.

"कुठंच न्हाय. घरातच उतरला ताप."

आत्यानं फोन ठेवला. माझ्या दोन्ही पोरांची नावं घेऊन ओक्साबोक्शी रडली. मग माझा हात धरून विचारलं, "मोना, पोर असं आपोआप बरं हुतंय व्हय गं?"

माझं पोर तसं एकदाही बरं झालं नव्हतं.